भाकरी खा, पण गोळी परस्पर बंद करू नका

संपादक महोदय,

सकाळी तळजाईवर फिरायला गेलं की निदान एकजण तरी भेटतो आणि सांगतो, ‘आहार बदला, गोळ्या फेकून द्या.’ त्यातलं आहार बदलणं मला मनापासून पटतं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि मोडाची मटकी रोजची. गोळ्या फेकण्याचं मात्र आता कानावरही नको वाटतं.

गेल्या वर्षी ह्यांनी एक व्याख्यान ऐकून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. घरात कुणालाच पत्ता नाही. पथ्य अगदी काटेकोर, वजनही उतरू लागलं, म्हणून आम्ही खूश. मग चप्पल लागून पायाच्या अंगठ्याला फोड आला, तो महिना झाला तरी भरेना. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, १०.५ निघाली. ६.५ किंवा त्यापुढे मधुमेह धरतात. डॉक्टर म्हणाले, वजन नुसतं पथ्याने उतरलेलं नाही, साखर लघवीवाटे जातेय म्हणूनही उतरतंय. त्या संध्याकाळी ओट्याखालचा खण उपसला, तर मेथीदाण्याच्या बरणीमागे गोळ्यांच्या अकरा पट्ट्या, एकही फोडलेली नाही. फोड भरायला पुढे अडीच महिने लागले.

टाइप २ मधुमेहात वजन उतरवून काहींच्या गोळ्या खरंच सुटतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर काबूत ठेवणारं द्रव्य, जवळजवळ बनवतच नाही. १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं हाच उपचार होता आणि तरीही ती फार दिवस काढत नसत.

बागांबाहेर मिळणाऱ्या दुधीच्या रसाचंही तेच. कडू निघालेला दुधी विषारी असतो. तो पिऊ नये, असं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, तज्ज्ञ समितीनेच सांगितलेलं आहे. ग्लास हातात देणारा दुधी आधी चाखून बघतो का?

आपल्या आरोग्य पुरवणीतल्या पाककृती मी कापून ठेवते. त्याखाली कृपया एवढं छापत जा, की जेवण बदललं तर डॉक्टरांना कळवा. जेवण कमी करून इन्सुलिन तेवढंच घेतलं, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो. डोस कमी करायचा असेल तर तो डॉक्टर करतील.

एक वाचक, सहकारनगर, पुणे