काका, त्या मनुकांच्या रसाबद्दल

काका, सलाम.

समोर बसून बोललो असतो तर तुम्ही "पोहे थंड होतात" म्हणून विषयच बदलला असता. म्हणून लिहितो.

सदर भागातल्या एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) बैठकीत आलो तेव्हा दारू सुटून जेमतेम अकरा दिवस झाले होते आणि मला सगळ्यांशी भांडायचं होतं. व्यसन पाप की आजार? एएच्या बारा पायऱ्यांत येशूचं नाव का नाही? आणि माझा लाडका विषय: बायबलातल्या काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा केलेला द्राक्षारस आंबलेला होता की नव्हता. द्राक्षारसासाठीचा ग्रीक 'ओइनोस' शब्द पाठ होता. प्रभुभोजनासाठी, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीसाठी, थॉमस वेल्चने १८६९ साली न आंबणारा रस काढला, तेही पाठ. मूर्खपणाचे वाद टाळ, असं पौलाने तीमथ्याला बजावलंय, हे मीच इतरांना सुनवायचो, वाद घालता घालता.

तुम्ही उत्तर देतच नव्हतात. एकदाच सांगितलंत की, १८४० साली बाल्टिमोरला सहा पिणाऱ्यांनी वॉशिंग्टोनियन चळवळ काढली, माणसांची रीघ लागली, पण दारूबंदीच्या राजकारणात नि इतर वादांत ती काही वर्षांतच विरली. म्हणून एएची दहावी परंपरा बाहेरच्या वादांवर मतच देत नाही. मी त्यावरही वाद घातला.

मग एका सकाळी टपरीवर विचारलंत, "प्रभुभोजनाच्या रविवारी काहून उठून जातोस रे?"

तर्री शर्टावर सांडली. प्याला जवळ आला की वासानेच घसा कोरडा पडतो, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ओइनोसबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. पाळकसाहेबांशी बोललात, एवढंच. पुढच्या वेळी ट्रेच्या कडेला मनुकांच्या रसाचे चार छोटे पेले वेगळे होते. चार, कारण माझ्यासारखे आणखी तिघं निघाले! मनुका काकूंनी रात्री उकळल्या होत्या, हे फार उशिरा कळलं.

त्याच टपरीवरून उठताना तुमचा दुसरा प्रश्न होता, "भावाचे पैसे?" ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करा, ही नववी पायरी मला तोंडपाठ होती, दिला मात्र एक रुपया नव्हता.

आता दर पाच तारखेला दोन हजार पाठवतो. दादा बोलत नाही, नुसतं 'मिळाले' लिहितो. या मे महिन्यात मात्र 'मिळाले. उन्हात फिरू नको' असं आलंय. रविवारी दाखवायला आणतो.

तुमचा,
ओइनोसवाला