गटारीच्या संध्याकाळी जादा मीटिंग

मित्रांनो, नमस्कार.

येत्या दीप अमावास्येला, म्हणजे गटारीला, आपल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस समूहाची जादा मीटिंग आहे. संध्याकाळी ७ ते ८.३०, नेहमीच्याच शाळेत, तळमजल्यावरचा शेवटचा वर्ग. कामावरून थेट या. घरी जाऊन मग निघू म्हणालात, तर वाटेतला नाका त्या दिवशी फार जड जातो.

• मीटिंग खुली आहे, घरच्यांनाही आणा.
• नवीन माणसाला नुसता पत्ता पाठवू नका, गेटवर थांबून आत घेऊन या. मी स्वतः गेटवरून दोनदा परत फिरलो होतो. तिसऱ्यांदा एका जुन्या सभासदाने हातात चहाचा कप दिला. माझा हात इतका थरथरत होता की त्यानेच बशी धरून ठेवली.
• फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.
• फोटो नकोत. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही.
• रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली आणि भास होऊ लागले किंवा फिट आली, तर मीटिंगची वाट पाहू नका, त्याला लगेच दवाखान्यात न्या.

त्या रात्री मन डळमळलं तर पहिल्या घोटाआधी फोन करा, कितीही वाजले असले तरी.