ईशानच्या ताब्याबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, दादा-वहिनीच्या घटस्फोटात ईशानबद्दल 'मुलगा आपल्या घराण्याचा, मग ताबा आपल्याकडे का नाही?' हे वकिलांसमोर काढू नका. कोर्ट घराणं बघत नाही. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. ईशान सहाचा झाला, पण म्हणून दादाचं पारडं आपोआप जड होत नाही. कुठल्याही वयात बघतात ते मुलाचं हित: शाळेला कोण तयार करतं, तापात रात्री कोण जागतं, दादा ऑफिसात असताना घरी कोण. पगाराच्या स्लिपपेक्षा शाळेच्या डायरीवरच्या सह्या, पालकसभेचे मेसेज आणि डॉक्टरांची कार्डं जास्त उपयोगी पडतात.

अर्ज कुठे करायचा हेही महत्त्वाचं. वहिनी ईशानला घेऊन ठाण्याला माहेरी आहे. १८९०च्या पालक-पाल्य कायद्याखाली वेगळा अर्ज केला, तर तो मूल नेहमी राहतं तिथल्या कोर्टात चालतो आणि ते ठिकाण मुंबई की ठाणे यावरच महिने जातील. त्यापेक्षा वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात घटस्फोटाचा दावा आहेच, त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६खाली अर्ज करावा.

अंतिम निकालाला वर्षं लागतात आणि तोवर मूल जिथे रुळतं तिथून कोर्ट त्याला सहसा हलवत नाही. म्हणून माझ्या मते दादाने आत्ता ताब्यापेक्षा अंतरिम ॲक्सेसवर, म्हणजे निकाल लागेपर्यंत ठरलेल्या वेळी ईशानला भेटण्याच्या हक्कावर, जोर द्यावा. अर्जात 'सोयीनुसार भेट' असं मोघम लिहिलं की दर आठवड्याला भांडण ठरलेलं. दुसरा-चौथा शनिवार सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा, दिवाळीची आणि मेची सुट्टी अर्धी-अर्धी, गणपतीचा एक दिवस, बुधवारी सात वाजता वीस मिनिटं व्हिडिओ कॉल, आणायची-सोडायची जागा, असं नेमकं मागावं. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, हे आधीच धरा. ईशानला सोडायला दर वेळी उशीर झाला की समोरचे वकील त्याचा तक्ता करून कोर्टात देतात.

आधी विवाह समुपदेशकाकडे बसावं लागेल. समुपदेशक घरभेटीलाही येऊ शकतात. त्यांच्यासाठी घर सजवू नका. मूल कुठे झोपतं, अभ्यासाला जागा कुठली, बाबांच्या गुडघ्यामुळे शाळेत सोडायला कोण जाणार, याची सरळ उत्तरं द्या. 'आम्ही करू सगळं' यापेक्षा त्याला सोडायला जाणाऱ्या बाईंचं नाव आणि वेळ सांगितलेली बरी.

आई, हे खास तुला. ईशान आला की 'मम्मी आमच्याबद्दल काय म्हणते?' असं विचारू नकोस, आणि त्याच्या रडण्याचे व्हिडिओ तर मुळीच काढू नकोस. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये एकट्याने बोलू शकतात. पढवलेलं वाक्य त्यांच्या लगेच लक्षात येतं आणि ते पढवणाऱ्यावरच उलटतं. शिवाय सहा वर्षांच्या मुलाच्या आवडीवर निकाल ठरत नाही. वहिनीला रागाने पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेजही पुरावा म्हणून जोडला जातो. आजी-आजोबांच्या भेटीचा वेगळा हक्क या कायद्यांत लिहिलेला नाही, दादाच्या वेळेतच तुमची भेट, म्हणून त्याची वेळ बिघडू देऊ नका.

वहिनीने एखाद्या शनिवारी पाठवलं नाही तर सोसायटीच्या गेटवर वाद नको. दादाने त्याच दिवशी ईमेल करावा, वहीत तारीख-वेळ लिहावी. तीनेक वेळा झालं की अर्ज. पण पोटगी थांबवायची नाही. भेट अडवली म्हणून पैसे अडवले, हे कोर्ट ऐकत नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०२०च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तेव्हा बाबा, तुमच्या नावाच्या एफडीत दादाचे पैसे असतील तर ते आत्ताच वकिलांना सांगा.

ईशानच्या लसींची फाइल कपाटात असेल. तिचे फोटो मला पाठवा, मूळ फाइल दादाकडे द्या.

तुमची,
सुमा