माप मोठ्याने न सांगणाऱ्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,

दुकानात येऊन आभार मानले असते तर तुम्ही मशीनसुद्धा थांबवलं नसतंत. ‘बरं बरं’ म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाचा ब्लाउज हातात घेतला असतात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा तिला मधेच थांबवू नका.

ज्यांच्या वाढदिवसासाठी आमचा खटाटोप चालला होता त्यांचं नाव ऐकून तुम्ही विचारलंत, “ऑस्टिन म्हणजे त्या गाडीवाल्या का?” गाडीवाल्या नव्हेत. जेन ऑस्टिन, कादंबरीकार. जन्म १६ डिसेंबर १७७५, इंग्लंडमधल्या हॅम्पशरातलं स्टीव्हन्टन गाव, आठ भावंडांत सातव्या. २०२५ मध्ये त्याला अडीचशे वर्षं झाली. तिकडे बाथ, विंचेस्टर, चॉटन इथे वर्षभर सोहळे झाले आणि इकडे आमच्या लालबाग-परळच्या पोरांनी ठरवलं की आपणही करायचं, तेही मराठीत. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधले निवडक प्रवेश, बरोबर मुलांनी काढलेली चित्रं, थोडा नाच. त्या कादंबरीत बेनेटांच्या घरी पाच मुली. मुलगा नाही, म्हणून बापामागे जमीन-घर दूरच्या नात्यातल्या पुरुषाला जाणार. हे वाचल्याबरोबर आमची एक मुलगी म्हणाली, “म्हणजे भावकीत!” पुढे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. अर्ध्या मुलांच्या गावी असं एकेक घर आहे.

ऑस्टिनबाई लहान असताना त्यांच्या घरीही नाटकं व्हायची, भावंडंच करायची. कोठारात जागा करून प्रयोग लावायची. त्यांची आत्या लग्नासाठी १७५२ मध्ये जहाजाने हिंदुस्थानात आली होती. तिची कलकत्त्यात जन्मलेली मुलगी एलायझा या नाटकांत हौसेने उभी राहायची. गणपतीत चाळीच्या पटांगणात मुलांची नाटकं बघत वाढलेल्यांना यात परकं काय वाटावं?

पण वाटलं. एका मोठ्या संस्थेने हॉल देतो म्हणून सांगितलं आणि मुलं मराठीत बोलणार कळल्यावर फोन उचलणं बंद केलं. आमच्याच भागातल्या जाणत्या मंडळींनी विचारलं, “आपले लेखक संपले का?” एकीकडे आम्ही पुरेसे इंग्रज नव्हतो, दुसरीकडे पुरेसे मराठी नव्हतो. असो. हॉलचं पुढे जमलं, ते सगळं इथे सांगत बसत नाही.

कपडेपटाचं मात्र सांगायलाच हवं, कारण ते तुम्हाला आम्ही तेव्हा सांगितलं नव्हतं. भाड्याने ड्रेस देणाऱ्या एका दुकानात आम्ही गेलो होतो. तिथल्या माणसाने आमच्या एलिझाबेथकडे, म्हणजे बेनेटांच्या त्या मुलीचं, नायिकेचं काम करणाऱ्या पोरीकडे, एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आतल्या पोऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, “हिच्या मापाचं आपल्याकडे काही नाही. हिरोइन बदला.” पोरं गप्प झाली. ती स्वतः काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तालमीला आल्यावर मला म्हणाली, “ताई, मला आईचं काम द्या ना.” सतरा वर्षांची मुलगी, सगळे संवाद पाठ, सगळ्यांत चांगली करणारी.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं.

मास्तर, तुमच्या दुकानाची रीत अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तुम्ही टेप लावायची, छाती-कंबर-उंची खणखणीत आवाजात सांगायची आणि पोट-माळ्यावरच्या पोऱ्याने वहीत लिहून घ्यायची. बाकड्यावर बसलेली गिऱ्हाइकं तेवढा वेळ पंख्याकडे बघतात आणि सगळं ऐकतात. तिची पाळी आली तेव्हा ती दारातच अडकली होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, पोऱ्याला खाली बोलावून चहा आणायला पिटाळलंत. कानावरची पेन्सिल काढून आकडे स्वतः लिहिलेत, चिठ्ठीची घडी घालून शर्टाच्या खिशात टाकलीत. आणि तिला एवढंच म्हणालात, “श्वास रोखू नकोस. स्टेजवर बोलायचंय ना तुला?”

पण मला खरं कळलं ते त्यानंतर. तिच्या मागच्या मुलींची मापंही तुम्ही तशीच घेतलीत, अगदी काडीसारख्या मुलीचंसुद्धा. चहा येऊन गार झाला, पोऱ्या नुसता उभा, आणि तुम्ही प्रत्येकीसाठी नवी चिठ्ठी फाडत होतात. हे एकीसाठी केलंय असं कुणालाही वाटू नये म्हणून. तिलाही.

आमच्या पहिल्याच प्रवेशात काय आहे ते तुम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. नाचाचा जलसा चाललाय, डार्सी नावाच्या श्रीमंत पाहुण्याला मित्र म्हणतो, हिच्याबरोबर नाच. तो एलिझाबेथकडे बघतो आणि तिला ऐकू जाईल असं म्हणतो, ठीक आहे, पण मला मोह पडावा एवढी काही देखणी नाही. अडीचशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या बाईने लिहिलेलं हे आमच्या मुलीने कपड्यांच्या दुकानात उभ्या उभ्या ऐकलं होतं. अशी माणसं अजून आहेत आणि त्यांची दुकानं जोरात चालतात. मदत केल्यावर ती ऐकवणारेही रग्गड भेटतात. समोरच्याची लाज आपल्याकडे गुपचूप ठेवून घेणारा माणूस क्वचित भेटतो आणि तो सहसा कुठल्या समितीवर नसतो.

फ्रॉकबद्दल थोडं. मी फोटो दाखवले तेव्हा तुम्ही म्हणालात, हे सॅटिनमध्ये नाही होणार, मलमल आणा. ऑस्टिनबाईंच्याच दुसऱ्या एका कादंबरीत एक तरुण फुशारकी मारतो की बहिणीच्या गाऊनसाठी अस्सल हिंदुस्थानी मलमल आपण पाच शिलिंग वाराने आणली. हे सांगितल्यावर तुम्ही शिलिंगाचे रुपये किती ते विचारलंत आणि मला सांगता आलं नाही! उंच कंबर, खाली चुण्या, फुगीर आखूड बाही, पाठीला हुकांऐवजी नाडी. “नाडी असली की जेवून आली तरी चालतं,” असं म्हणालात. बाई स्वतःही सुईच्या कामात तरबेज होत्या. आई आणि बहिणीबरोबर त्यांनी कापडाचे तुकडे जोडून केलेली म्हणून सांगतात ती गोधडी चॉटनच्या त्यांच्या घरी जपून ठेवलेली आहे. त्यांचे टाके तुम्हाला दाखवायला हवे होते, तुम्ही त्यांतही काहीतरी खोट काढली असतीत.

प्रयोगाला तुम्ही मागच्या रांगेत उभे होतात, खुर्ची असून. डार्सीचं ते वाक्य आलं, हॉल शांत झाला, आणि आमची एलिझाबेथ मैत्रिणीकडे वळून त्याची अशी नक्कल करायला लागली की त्याचं काम करणारा मुलगाच हसू आवरेना. पुस्तकातही ती तेच करते, झालेला अपमान सगळ्यांना रंगवून सांगते. तालमीत हे एवढं मोकळं कधी आलं नव्हतं. दिग्दर्शन माझं असलं तरी याचं श्रेय मी घेणार नाही.

आता व्यवहाराचं. कापडाचे पैसे घेतलेत, शिलाई घेतली नाहीत. पोरांनी आपापसांत वर्गणी काढली आहे, पाकीट घेऊन आमची एलिझाबेथच येईल. परत करू नका, वाईट वाटेल त्यांना. पुढचा प्रयोग २८ जानेवारीला लावतोय, १८१३ साली ही कादंबरी त्याच तारखेला निघाली होती. डार्सीच्या कोटाची डावी बाही काखेत उसवली आहे, तोही पाकिटाबरोबर पाठवते. तेवढी टीप मारून ठेवा, आणि या वेळी पुढच्या रांगेत बसा.

तुमची,
नाटकवाली ताई