सेंट्रिफ्यूज खाली, रुग्ण डोंगरावर

संपादक महोदय,

रक्त गरगर फिरवून त्यातल्या पेशी आणि प्लाझ्मा (पेशींभोवतीचा पिवळसर द्रव) वेगळे करणारे सेंट्रिफ्यूज यंत्र खाली नंदुरबारला; मोलगीकडच्या डोंगरातल्या पाड्यांवरून रक्ताची नळी तिथे पोहोचेपर्यंत दुपार टळते. तोवर नळीतल्या पेशी साखर खातात, पोटॅशियम बाहेर झिरपते आणि रिपोर्टचे मातेरे होते. यावर उपाय म्हणजे सेंट्रिफ्यूजशिवाय पाड्यावरच प्लाझ्मा वेगळा करणारी मायक्रोफ्लुइडिक चिप, म्हणजे बारीक वाटा कोरलेली छोटी पट्टी. तिच्यात केसाएवढ्या बारीक वाटांतून रक्त वाहताना तांबड्या पेशी मधोमध राहतात, कडेचा प्लाझ्मा बाजूच्या फाट्यात वळतो. बोट टोचून मिळालेले थेंब पुरतात. (बोट पिळायचे मात्र नाही, पेशी फुटल्या की प्लाझ्मा लालसर!) आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच. त्यांच्या तांबड्या पेशी ताठर, त्या या वाटांतून तशाच वाहतील याची खात्री नाही; म्हणून अशा पेशींवर चिपची चाचणी झाल्याशिवाय सरकारने या चिप घेऊ नयेत. जळगावचे विद्यापीठ आणि धुळ्याचे वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून ती करावी.

– एक लॅब टेक्निशियन, शहादा