मध्यस्थी वेळेत व्हावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रेल्वे कामगारांच्या पगाराचा वाद हाताबाहेर गेल्यावरच सरकारला मध्यस्थी आठवते. १९७४ साली बोनस, कामाचे तास आणि वेतनवाढ यांवर बोलणी चालू असतानाच २ मे रोजी रेल्वे कामगारांचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली, ८ मे रोजी संप सुरू झाला आणि वीस दिवसांनी तो मागे घ्यावा लागला. तेव्हा नाकारलेला बोनस १९७९-८० पासून उत्पादकतेशी जोडून लागू झालाच.

कायम कर्मचाऱ्यांना निदान युनियन आहे, कायमस्वरूपी वाटाघाट यंत्रणा आहे. स्थानके झाडणाऱ्या कंत्राटी बायकांना यातले काहीच नाही. आमच्या शेजारच्या एका बाईंचा तीन महिन्यांचा पगार थकला, सुनावणीची नोटीस आली ती इंग्रजीत, मी वाचून दाखवली. दिवसाची मजुरी बुडवून त्या गेल्या, तर कंत्राटदाराचा माणूसच आला नाही. पुढची तारीख तेवढी मिळाली. (कर्नाटकात बायकांना सरकारी बसचे तिकीट माफ आहे, एवढेच बरे.)

कंत्राटदाराने मजुरी थकवल्यास मूळ मालकाने (इथे रेल्वेने) ती द्यावी आणि कंत्राटदाराच्या बिलातून वसूल करावी, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच केली होती. मालक-कामगार वादात मध्यस्थी करणाऱ्या केंद्रीय समेट अधिकाऱ्याने महिन्यातून एक दिवस बेळगावात बसून तिचा आग्रह धरावा, आणि नोटिसा मराठीत व कन्नडमध्येही काढाव्यात.

— एक निवृत्त ट्रॅकमन, खानापूर (जि. बेळगाव)