टॉर्च घेताना आधी सेल बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत पावसाळी खरेदीचं पान होतं, त्यात रेनकोट आणि चपलांना भरपूर जागा आणि टॉर्चला दोन ओळी, त्याही 'जास्तीत जास्त ल्युमेन्सचा घ्या' एवढ्याच (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप). मी बरीच वर्षं रोज खिशात छोटा टॉर्च ठेवतो, किल्ल्या, पाकीट, रुमाल तसा तो, आणि मला मनापासून वाटतं की हा सल्ला उलटा आहे. आधी त्यात सेल कुठला पडतो ते बघायचं, उजेडाचं नंतर.

आमच्या आजोबांकडे तीन जाड्या सेलची स्टीलची बॅटरी होती, हो, आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणायचे, रात्री उसाला पाणी द्यायला जाताना ती बरोबर असायचीच. उजेड पिवळट आणि वजन भरपूर, पण सेल संपले की गावातल्या किराणा दुकानात लगेच मिळायचे. आता बाजारात जे छोटे टॉर्च येतात त्यातल्या कितीतरींमध्ये बॅटरी आतच सीलबंद, दोन-चार वर्षांत ती चार्ज धरेनाशी होते आणि मग एलईडी ठणठणीत असताना सगळा टॉर्च टाकून द्यायचा. मला हे बघवत नाही. सेल बाहेर काढता येत नसेल तर तो टॉर्च मी घेत नाही आणि कोणाला घेऊ पण देत नाही.

आता आईच्या घरचं सांगतो. मार्चमध्ये एका रात्री पेठेत लाईट गेली, आईने ड्रॉवरमधला टॉर्च काढला तर लागेना, फोन चार टक्क्यांवर, शेवटी ती भिंतीला हात लावत अंधारात दोन जिने उतरून खाली शेजाऱ्यांकडे गेली. वय ७४. दुसऱ्या दिवशी मी तो टॉर्च उघडायला घेतला, मागचं झाकण फिरेना, फडक्यात धरून पिळलं तेव्हा सुटलं, आत सगळी पांढरी भुकटी, स्प्रिंग हिरवी पडलेली आणि सेल नळीला असा चिकटलेला की स्क्रू ड्रायव्हरने ढकलला तरी हलला नाही. दोन वर्षांपूर्वी चांगले अल्कलाइन सेल घालून मीच तिला दिला होता. अल्कलाइन सेल संपत आला की आत गॅस धरतो, सील सुटतं, आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि हवा लागून त्याची ती पांढरी भुकटी होते. थोडंच गळलं असेल तर कापसाच्या बोळ्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पुसून घ्या, वाळवा, टॉर्च वाचतो, पण भुकटीला उघडा हात लावू नका, चरचरतं आणि डोळ्याला तर अजिबात नको.

म्हणून माझं मत असं की घरासाठी आणि रोजच्या खिशासाठी एका पेन्सिल सेलचा म्हणजे डबल ए चा टॉर्च घ्यावा आणि त्यात रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घालावा. हे सेल गळण्याचं प्रमाण अगदीच कमी. लोक म्हणतात रिचार्जेबल पडून राहिला की उतरतो, ते जुन्या सेलचं खरं होतं, पण २००५ साली सान्यो कंपनीने एनेलूप नावाचा सेल आणला तेव्हापासून कमी उतरणारे सेल मिळायला लागले, वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज टिकतो. त्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, साध्या सेलवर १.५, म्हणून दुकानदार कधी कधी 'उजेड कमी पडेल' म्हणतो, तसं होत नाही, साध्या सेलचा व्होल्टेज वापरताना हळूहळू खाली येत जातो आणि हा जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो. चार्जर मात्र प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा घ्या, जोडीने चार्ज करणारा नको, त्यात एक सेल जास्त आणि एक कमी चार्ज होऊन दोन्ही लवकर जातात. आणि अडीअडचणीला साधा पेन्सिल सेल पानाच्या टपरीवरही मिळतो, तेवढी रात्र निभावते.

आता एक धोका, यात आमच्या भाच्याचा टॉर्च गेला. १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो, १४ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब, म्हणजे मापाला अगदी पेन्सिल सेल, पण पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट. दुकानात त्याला सांगितलं 'हा घाल, पॉवरफुल आहे', त्याने घातला, क्षणभर लख्ख उजेड पडला, मग जळका वास आला आणि टॉर्च कायमचा बंद. काही टॉर्चमध्ये दोन्ही सेल चालतात, पण तसं खोक्यावर लिहिलेलं असेल तरच घाला.

ट्रेकवाल्यांचं वेगळं आहे. सिंहगड पहाटे चढायचा असेल किंवा राजगडावर मुक्काम असेल तर १८६५० सेलचा टॉर्च घेणं बरोबर आहे, १८ जाड, ६५ लांब, मधल्या बोटाएवढा सेल पण जीव भरपूर. फक्त फसू नका. चांगल्यात चांगला १८६५० साधारण ३५०० एमएएचचा असतो (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप), त्यावर ९९०० लिहिलेलं असेल तर ते खोटं. मला असे दोन सेल एका दुकानात मिळाले होते, घरी स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर ठेवले तर एकेक जेमतेम ३० ग्रॅम, खरा सेल ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो. आणि सुटा लिथियम सेल किल्ल्यांबरोबर खिशात कधीच टाकू नका, किल्लीने दोन टोकं जोडली गेली की तो तापून पेट घेऊ शकतो, प्लॅस्टिकची छोटी डबी मिळते ती घ्या.

ल्युमेन्सचं म्हणाल तर खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांचा असतो, मग टॉर्च तापतो आणि स्वतःच उजेड कमी करतो. 'इतके तास चालतो' हा आकडासुद्धा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा धरतात. म्हणून मी तापकीर गल्लीत टॉर्च बघायला गेलो की सगळ्यात कमी उजेड किती ते आधी बघतो. रात्री तीनला पाणी प्यायला उठलात, घरातले झोपलेत, तेव्हा एक-दोन ल्युमेन पुरतात, जिन्यात तीस-चाळीस, पावसात खड्डा बघून चालायला शंभर. शेपटीवर, म्हणजे मागच्या टोकावर, सरळ उभा राहतो का तेही बघा, गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली की असा टॉर्च टेबलावर उभा करून पांढऱ्या छताकडे रोखायचा, अख्ख्या खोलीत मऊ उजेड पडतो आणि स्वयंपाक होतो. पाण्याचं म्हणाल तर आयपीएक्स ७ लिहिलेलं असलं की एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवा, पुण्याच्या पावसाला ते पुष्कळ झालं. पिशवीत चुकून चालू होऊ नये म्हणून झाकण पाव फेरा सैल करून ठेवायचं, बऱ्याच टॉर्चमध्ये तेवढ्याने संपर्क तुटतो.

संपलेल्या सेलचं एक राहिलं. लिथियम सेल ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकू नका, कचरा दाबला जाताना त्याने आगी लागतात आणि तो कचरा आपल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई हाताने वेगळा करतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण आपल्या भागात नेमक्या कुठे नेऊन द्यायच्या हे लोकांना माहीत नसतं. तुम्ही पुण्यातल्या अशा ठिकाणांची यादी छापलीत तर फार उपयोग होईल, आमच्या सोसायटीत मी स्वतः लावीन.

आईला आता एका सेलचा टॉर्च दिलाय, दाराशेजारच्या खिळ्याला दोरीने टांगलेला. एक सेल टॉर्चमध्ये, एक देवघराच्या कपाटात डबीत. कॅलेंडरवर अमावास्या आली की ती सेल बदलते आणि काढलेला चार्जरला लावते, मला फोन करून सांगते, "लावला रे."

आपला,
एक नियमित वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०